निरोगी माणसाने दीर्घायुष्यासाठी रोज पूरक गोळ्या घ्याव्यात का?

आपले वय 45, कोणताही आजार नाही, तरीही आयुष्य वाढावे म्हणून मल्टिव्हिटॅमिन, ई जीवनसत्त्व, ओमेगा-3 आणि कॅल्शियम रोज सुरू करावे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते, शरीरात कशाची उणीव आहे हे कळल्याशिवाय यांतले काहीही सुरू करू नये.

मी स्वतः सहा वर्षे सात कप्प्यांची डबी बाळगून सकाळी पाच गोळ्या एकदम घेत असे. लघवी गर्द पिवळी होई, आणि औषध अंगी लागत असल्याची ती खूण आहे असा माझा समज होता. प्रत्यक्षात शरीराला नको असलेले बी2 जीवनसत्त्व तेवढे बाहेर पडत होते. पुढे थायरॉईडची गोळी सुरू झाली, तरी टीएसएच (थायरॉईड कमी पडले की रक्तात वाढणारे संप्रेरक) उतरेना. मात्रा दोनदा वाढवल्यानंतर डॉक्टरांनी विचारले, "सोबत आणखी काय घेता?" कॅल्शियम आतड्यात त्या गोळीला बांधून ठेवते आणि तिचे शोषण घटवते, म्हणून दोहोंत चार तासांचे अंतर हवे. ते अंतर ठेवल्यावर माझी मात्रा पुन्हा खाली आली.

आता दीर्घायुष्याविषयी. भाज्या आणि फळे भरपूर खाणाऱ्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते ते द्रव्य) अधिक असते व त्यांना फुप्फुसाचा कर्करोग कमी होतो, या निरीक्षणावरून फिनलंडमध्ये 29 हजारांहून अधिक धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. 1994 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा बीटा-कॅरोटीनची गोळी घेणाऱ्यांत तो कर्करोग 18 टक्क्यांनी जास्त आढळला. ई जीवनसत्त्वाचीही गत फारशी वेगळी नाही: रोज 400 युनिट घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग 17 टक्क्यांनी वाढल्याचे एका मोठ्या चाचणीतून 2011 मध्ये समोर आले. डी जीवनसत्त्व आणि ओमेगा-3 यांनी सुमारे 26 हजार लोकांच्या चाचणीत नुकसान केले नाही, पण कर्करोगाचे किंवा हृदयविकाराच्या मोठ्या घटनांचे एकूण प्रमाणही लक्षणीय घटवले नाही. रोज मल्टिव्हिटॅमिन घेणाऱ्या निरोगी लोकांत मृत्यूचे प्रमाण कमी नसल्याचे 2024 मध्ये सुमारे 3 लाख 90 हजार जणांच्या वीस वर्षांहून अधिक काळच्या नोंदींवरून दिसले. गोळ्या घेणारी आपल्या ओळखीची माणसे ठणठणीत दिसतात हे खरे, परंतु तीच माणसे बहुधा व्यायाम करतात, धूम्रपान टाळतात आणि वेळेवर तपासण्या करून घेतात. श्रेय मात्र गोळी घेऊन जाते.

उणीव असेल किंवा गरजच वाढलेली असेल, तर गोष्ट निराळी. गर्भधारणेच्या किमान महिनाभर आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घेतल्याने बाळाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोषांचा धोका कमी होतो, याबद्दल वाद उरलेला नाही. प्राणिजन्य अन्न पूर्णपणे वर्ज्य करणाऱ्यांना बी12 बाहेरून घ्यावेच लागते, आणि मधुमेहासाठी दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी त्याची पातळी तपासत राहावी. लोह मात्र तपासणीविना कधीही सुरू करू नये, कारण जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे जवळजवळ नाही.

रक्ततपासणीला जाताना केसांसाठीच्या गोळ्यांचाही उल्लेख करावा. त्यांतील बायोटिन या जीवनसत्त्वामुळे थायरॉईडचे आणि हृदयविकाराच्या निदानासाठी पाहिल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनचेही आकडे चुकीचे येऊ शकतात. माझ्या डबीत थायरॉईडच्या गोळीखेरीज आता बी12 तेवढे उरले आहे, तेही पातळी कमी निघाली म्हणून, आणि सहा महिन्यांनी ती पुन्हा तपासायची आहे.