मूठ चिकट का होते?

प्रश्न : पावसाळी ट्रेकला नेतो त्या चाकूची रबरी मूठ आता हाताला चिकटते. पाण्याने रबर कुजतं का?

उत्तर : आधी मूठ नखाने खरवडून पाहा. साल निघून खाली टणक प्लास्टिक दिसलं, तर ते रबर नव्हेच, पॉलियुरेथेनचा मुलायम थर आहे. दमट हवेत त्याची रासायनिक साखळी तुटते आणि थर चिकट होतो, बंद कपाटात ठेवला तरीही. तो पूर्ववत होत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसून काढा, पावडर लावून झाकू नका. खालची मूठ वापरता येते, थोडी निसरडी लागेल इतकंच.

मूठ आरपार मऊ असेल, तर ती बहुधा टीपीईची, म्हणजे रबरासारख्या लवचीक प्लास्टिकची. तिला पाण्याचं भय नाही. ती फुगते, मऊ पडते ती रॉकेल-पेट्रोल आणि तेलाने. काही प्लास्टिकांना डीट असलेलं डास प्रतिबंधक मलमही बाधतं, म्हणून मलम लावलेला हात पुसूनच चाकू धरा.

खरी काळजी पातं मुठीत शिरतं त्या फटीची. तिथे पाणी साचून आत गंज धरतो, बाहेरून दिसतही नाही. साबणाने धुवा, टोक खाली करून रात्रभर वाळवा, मगच तेलाचा हात फक्त पात्याला. ओल्या चामडी म्यानात ठेवू नका.