मासा तळ्यातला, मग संरक्षण नदीला का?

प्रश्न: मुलगा-सून अमेरिकेत युटामधे प्रोव्होला असतात. गेल्या वर्षी गेलो तेव्हा युटा लेकच्या काठाशी नदीचा नव्याने केलेला डेल्टा बघितला, जून सकर नावाच्या माशासाठी केलाय म्हणे. पण मासा राहतो तळ्यात आणि 'क्रिटिकल हॅबिटॅट' (म्हणजे मासा टिकायला अत्यावश्यक म्हणून कायद्याने ठरवलेली जागा) जाहीर झालंय नदीचं, हे काय गौडबंगाल? आणि जाहीर झालंय तर लोक तिथे होड्या कशा फिरवतात?
– एक वाचक, पुणे

उत्तर: गौडबंगाल काही नाहीये हो. हा मासा मूळचा जगात फक्त युटा लेकमधलाच, पण जूनच्या सुमाराला अंडी घालायला प्रोव्हो नदीत चढतो आणि खरी वाट लागायची ती पिल्लांची. मोठा मासा 40 वर्षं जगतो, त्यामुळे तळ्यात म्हातारे मासे दिसत राहायचे पण मागून नवीन कुणी येतच नव्हतं. नदीचा शेवटचा तुकडा माणसांनी सरळ आणि खोल करून ठेवलेला, पाणी जवळजवळ थांबलेलं, झाडोरा नाही, अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं वाहत तिथवर आली की एकतर उपाशी मरायची नाहीतर व्हाइट बास, वॉलाय असल्या बाहेरून आणून सोडलेल्या माशांच्या पोटात जायची. तळ्यातही लपायला जागा नाही, कारण 1880च्या दशकात आणलेला कार्प (आपल्याकडे धरणावर सायप्रिनस म्हणतात तोच) गाळ उकरून पाणवनस्पती मुळासकट उपटतो. म्हणून 1986 मधे मासा 'एन्डेंजर्ड', म्हणजे नामशेष व्हायच्या धोक्यातल्या जीवांच्या सरकारी यादीत गेला तेव्हाच नदीचे शेवटचे 4.9 मैल, म्हणजे साधारण 8 किलोमीटर, क्रिटिकल हॅबिटॅट ठरले.

होड्यांचं म्हणाल तर हे काही अभयारण्य नव्हे. बंधन असतं ते केंद्र सरकारच्या खात्यांवर, त्यांना तिथे काही बांधायचं असेल, पैसे किंवा परवाना द्यायचा असेल तर आधी फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसला (तिथल्या केंद्र सरकारचं वन्यजीव खातं) विचारायचं. हौशी होडीवाल्याला त्यात कोण अडवणार!

पण नुसत्या कागदावर मासा वाचला नसता असं माझं स्पष्ट मत आहे. हॅचरीत वाढवलेले मासे सोडले, जाळी लावून हजारो टन कार्प काढला, विणीच्या वेळी नदीला पाणी मिळेल असं बघितलं, तेव्हा कुठे जानेवारी 2021 मधे तो 'थ्रेटन्ड'वर, म्हणजे धोक्याच्या एक पायरी खालच्या वर्गात आला. तेही तुम्ही बघितलेला डेल्टा पुरा व्हायच्या आधीच, त्याचं काम 2020 मधे सुरू झालं होतं. तिथली उथळ डबकी नि गवताळ वळणं पिल्लांसाठीच केलीत.

मुलाला गळ टाकायचा नाद असेल तर मात्र सांगून ठेवा, जून सकर लागला तर तिथल्या तिथे पाण्यात सोडावा लागतो.