सांदोकान वाचायला-बघायला घेताय? मग क्रम असा ठेवा

प्रकाशनवर्षांच्या मागे लागू नका, तिथेच गोंधळ होतो. इटालियन लेखक एमिलिओ साल्गारीचा हा मलय समुद्रावरचा चाचा, म्हणजे समुद्री लुटारू, १८८३ मध्ये व्हेरोनाच्या वर्तमानपत्रात क्रमशः अवतरला, पण 'मोंप्राचेमचे वाघ' हे पुस्तक निघालं १९०० मध्ये. सुरुवात त्यानेच करा. मग १८९५ चं सुंदरबनातलं पुस्तक घ्या. त्यात सांदोकान नाही, म्हणून बरेचजण ते गाळतात आणि पुढच्या 'मलेशियाचे चाचे'मध्ये अडखळतात; कारण तिथे सुंदरबनातल्या पुस्तकाचा नायक त्रेमाल-नाईक आणि त्याचा इमानी सोबती कम्मामुरी थेट कथेत शिरतात. हा कम्मामुरी चक्क मराठा आहे! मात्र त्याच्यात मराठी चालीरीती शोधू नका. साल्गारी या मुलखात कधी आलाच नव्हता, त्याने सगळं ग्रंथालयात बसून रचलं. बोर्निओतल्या सारावाकचा इंग्रज राजा जेम्स ब्रूक खरा, बाकी कल्पनेची भरारी.

पडद्यावर कबीर बेदींची १९७६ ची इटालियन मालिका आधी बघा. सहा भागांचीच घ्या. काटछाट करून केलेल्या चित्रपटात यानेझचं पात्र पार आटतं, आणि सांदोकानच्या आवेशाला तोल देणारा तो थंड डोक्याचा, सतत सिगारेट ओढणारा पोर्तुगीज मित्रच तर या कथेचा कणा आहे. वाघाने झेप घेतल्यावर सांदोकान त्याच्या खालून सरकत खंजिराने पोट फाडतो, तो प्रसंग नीट पाहा. इटलीत एक अख्खी पिढी त्याला का विसरली नाही, ते तिथे कळतं. २०२५ ची नवी मालिका त्यानंतर.