आतड्यांचे पट्टे

प्रश्न : माझी मुलगी नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या निर्यात विभागात काम करते. माल उशिरा पोहोचल्याने संतापलेले इंग्लंडमधील ग्राहक तिला फोनवर ‘आय विल हॅव युअर गट्स फॉर गार्टर्स’ असे म्हणाले. शब्दकोश पाहिल्यापासून ती धास्तावली आहे. ही धमकी समजून तक्रार करावी काय?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : ‘तुझी आतडी काढून त्यांचे मोजे बांधायचे पट्टे करीन’ हा शब्दशः अर्थ कोणालाही धास्तावणाराच आहे, परंतु पंचवटीतली आजी घाटाच्या पायऱ्यांवरून धावणाऱ्या नातवाला ज्या सुरात ‘तंगडे मोडून हातात देईन’ म्हणून बजावते, साधारण त्याच सुरात इंग्रज माणूस हे बोलतो. रॉबर्ट ग्रीन या नाटककाराच्या सुमारे १५९० मधील एका नाटकातही ही धमकी जवळपास याच रूपात आढळते. ‘स्किन यू अलाइव्ह’ आणि आपले ‘कातडे सोलून काढीन’ ही तर सख्खी भावंडेच म्हणावीत.

‘हेड ऑन अ प्लॅटर’, म्हणजे ‘त्याचे शिर तबकात हवे’, या इंग्रजी बोलण्याची गोष्ट वेगळी आहे. बायबलमधील कथेत हेरोद राजाने बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिर खरोखरच तबकातून आणवले होते. आज कचेऱ्यांत याचा अर्थ बहुधा कोणाला तरी जबाबदार धरून नोकरीवरून काढा, असा असतो, आणि म्हणूनच ग्राहकाने ते म्हटले असते तर मी आतड्यांपेक्षा अधिक गंभीरपणे घेतले असते. जे करणे अशक्य आहे ते बोलून माणूस राग मोकळा करतो. ‘बघून घेईन’ यासारखे मोघम, पण करता येण्याजोगे बोलणे खरे जपण्यासारखे असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे धमकीच्या गुन्ह्याविषयीचे कलम ३५१ देखील समोरच्याला भयभीत करण्याचा, किंवा धाकाने त्याच्याकडून काही करवून घेण्याचा हेतू पाहते.

तरीही, हे बोलणे ओळखीपाळखीत खपते. परक्या, कनिष्ठ कर्मचाऱ्याला असे बोलणे असभ्यच आहे. आपल्या मुलीने प्रथम माल पोहोचण्याची नवी तारीख ग्राहकाला लेखी कळवावी. त्यानंतर वरिष्ठांकडे ग्राहकाच्या भाषेविषयी अवश्य नाराजी नोंदवावी, फक्त त्या पत्रात ‘धमकी’ हा शब्द वापरू नये.