एडीव्हीच्या दोन नॉइजी रीडिंगवरून टर्ब्युलन्स कसा काढावा?

तुमची अडचण अशी दिसते: फ्लूममध्ये (प्रयोगशाळेतल्या पाण्याच्या कालव्यात) चार रिसीव्हरचा एडीव्ही, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याचा वेग मोजणारं यंत्र, लावलाय, त्यातून उभ्या वेगाची दोन स्वतंत्र रीडिंग मिळतात, दोन्हींत नॉइज, म्हणजे यंत्राची कमीजास्त होणारी चूक, आहे. दोन्हींची सरासरी घेऊन तासभराचा डेटा वापरला तरी टर्ब्युलन्स, म्हणजे पाण्याची खळबळ, जास्तच येतो.

सरासरी नको, गुणाकार करा.

सरासरी वेग काढताना नॉइज कधी अधिक, कधी उणा, म्हणून शेवटी फिटतो. टर्ब्युलन्ससाठी मात्र आपण चढउतारांचा वर्ग करतो आणि वर्ग केला की उणेही अधिक होतं. नॉइजचा व्हेरियन्स (चढउतारांच्या वर्गांची सरासरी) उत्तरात जाऊन बसतो. रेकॉर्ड कितीही लांबवलं तरी तो निघत नाही.

समजा खरा व्हेरियन्स 4 आहे आणि प्रत्येक रीडिंगमधल्या नॉइजचा 1. एकट्या रीडिंगमधून 5 येईल, दोन्हींच्या सरासरीतून 4.5. आता प्रत्येक रीडिंगमधून त्याची सरासरी वजा करा, एकाच क्षणाचे दोन आकडे एकमेकांशी गुणा आणि त्या गुणाकारांची सरासरी काढा. उत्तर 4 च्या आसपास येईल. पाण्याची खळबळ दोन्हींत तीच असते, नॉइज मात्र ज्याचा त्याचा, म्हणून तो इथे फिटतो. हर्थर आणि लेमिन या संशोधकांनी 2001 मध्ये नॉइज काढण्याची जी पद्धत मांडली, तिचा गाभा हाच. शिवाय दोन रीडिंगच्या फरकाचा व्हेरियन्स काढलात तर 2 येईल, म्हणजे नॉइज किती तेही हाती लागतं.

खात्री करायची तर स्पेक्ट्रम काढा, म्हणजे कुठल्या फ्रीक्वेन्सीला किती चढउतार आहे याचा लॉग-लॉग आलेख. एकट्या रीडिंगचा आलेख उणे 5/3 च्या उताराने खाली येतो आणि वरच्या फ्रीक्वेन्सींना आडवा पडतो. तो आडवा भाग नॉइजचा. दोन्हींचा क्रॉस-स्पेक्ट्रम (दोन्हींत सारख्याच असलेल्या चढउतारांचा स्पेक्ट्रम) काढलात की उतार आणखी खालपर्यंत जाताना दिसेल.

एक गोष्ट कळकळीने सांगतो, कारण माझे आठ दिवस यात गेले. क्रॉस-स्पेक्ट्रममध्येही एक टोकदार शिखर जाता जाईना. शेवटी एडीव्हीच्या पाण्यातल्या प्रोबच्या दांड्याला बोट लावलं तर तो पंपाबरोबर बारीक थरथरत होता. प्रोबच हलतोय म्हटल्यावर दोन्ही रीडिंगमध्ये ती थरथर सारखीच येणार, गुणाकार तिला खळबळच समजणार. ट्रॉलीखाली रबर घातलं, क्लॅम्प आवळला, शिखर गेलं. तुम्ही आधी दांड्याला हात लावून बघा, मग गणिताला बसा.