‘परत साठवीन की’

पोरी,

परवा निघताना चप्पल घालता घालता तू म्हणालीस, "नोकरी बदलतेच आहे, तर पीएफ काढून दादाला गाडीच्या डाउन पेमेंटला देते. काय होतंय मावशी, परत साठवीन की." आणि जिना उतरून गेलीससुद्धा. मी तशीच दारात उभी राहिले. हेच वाक्य, याच शब्दांत, मी २००५ साली माझ्या जावेला म्हटलं होतं.

चहा सोड, रिक्षा सोड, असलं मी तुला सांगणार नाही. तुझी स्लिप मी पाहिली आहे. पगार १४,०००. त्यातून पीएफचे १,६८० आणि ईएसआयसीचे, म्हणजे आजारपणाच्या सरकारी विम्याचे, १०५ गेले की हातात १२,२१५. घरात सात हजार देतेस, अंबडपर्यंतचं जाणंयेणं वेगळं. या पगारावर काटकसर शिकवायला येणाऱ्यानं आधी एक महिना तेवढ्यात काढून दाखवावा.

पण त्या १,६८० कडे तू कापले गेलेले पैसे म्हणून बघतेस, ते मला सहन होत नाही. मालकही तेवढेच भरतो. त्यातले १,१६६ पेन्शनकडे जातात आणि ५१४ तुझ्या पीएफात पडतात. म्हणजे महिन्याला २,१९४ तुझ्या नावावर, वर २०२४-२५ सालचं व्याज ८.२५ टक्के. बावीस महिन्यांत तू पन्नास हजारांच्या पुढे गेलीस. हातात बारा हजार येणारी मुलगी! ठरवून एवढे साठवले असतेस का? नसतेस. मीही नसते साठवले. ते साठले, कारण तुझा हात तिथं पोचत नव्हता. आता पोचतोय, म्हणून मोडायचे? नाही. मोडायचं नाही.

माझं ऐक. सातपूरच्या ज्या कंपनीत मी पॅकिंगला होते, ती २००५ साली बंद पडली. तिथं नऊ वर्षं आणि वर काही महिने झाले होते. पेन्शनला दहा वर्षं लागतात, हे मला ऐकून माहीत होतं. दहा झाली नाहीत, मग आता काय उपयोग, असं वाटून मी सगळे फॉर्म भरले. पीएफचाही, पेन्शनचाही. त्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घेता येतं आणि जुनी वर्षं पुढच्या नोकरीला जोडता येतात, हे कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, हे जास्त खरं आहे. दिराचं लग्न तोंडावर होतं. मंडप, बँड, दोन वेळची जेवणावळ. नऊ वर्षं एका दुपारी उठली.

पुढे दुसरीकडे अठरा वर्षं केली आणि ५८ व्या वर्षी घरी बसले. पेन्शन ठरवताना वर्षं धरली अठराच. आज अडीच हजारांच्या आसपास येते. ती आधीची नऊ वर्षं मी उभ्यानं काढली होती गं, पाय सुजेपर्यंत. कागदावर ती कुठंच नाहीत. आणि ‘परत साठवीन’ म्हणाले होते, त्याचं काय झालं? पैसे पुन्हा साठतात एकवेळ. वर्षं नाही साठत.

म्हणून नव्या कंपनीत पहिल्याच दिवशी जुना यूएएन, म्हणजे पीएफचा तुझा कायमचा नंबर, दे. नवा काढू देऊ नकोस. जुन्या कंपनीनं नोकरी सोडल्याची तारीख टाकली का, ते ऑनलाइन बघ. नाव आणि जन्मतारीख आधारसारखी आहे का, तेही बघून घे. मग रक्कम ट्रान्सफर कर. "काढून घ्या, आम्ही करून देतो" म्हणणारा कुणीतरी भेटेलच, कमिशनवर. त्याला चहासुद्धा पाजू नकोस.

"मग आई आजारी पडली तर?" असं तू विचारशील. ईएसआयसीच्या कार्डावर आईचं नाव घातलंस का? पगारातून दर महिन्याला पैसे जातात आणि तू खासगी दवाखान्यात सहाशे मोजून येतेस! आई तुझ्यावर अवलंबून आहे, तिचं नाव लागतं. याच आठवड्यात घाल. आजारपणाच्या भीतीनं पीएफ मोडणाऱ्या किती बायका मी पाहिल्या, आणि कार्ड घरात कोरं पडलेलं.

आता तू म्हणशील, मावशीचं काळीज दगडाचं आहे. माझा मुलगाही हेच म्हणतो. २०१७ मध्ये त्याला टेम्पो घ्यायचा होता. पोस्टात माझे दीड लाख होते, दुसऱ्या नोकरीतून थेंब थेंब जमवलेले. त्यानं मागितले, मी नाही म्हटलं. त्यानं फायनान्सवर घेतला आणि हप्ते भरताना मेटाकुटीला आला. सून अजून बोलून दाखवते की आईंकडे असून दिले नाहीत. मी चुकले का? रात्री कधी कधी उठून बसते आणि मांडते सगळं. त्यानं टेम्पो फेडला, धंदा करतोय, पोरं शाळेत आहेत. माझे दीड लाख पोस्टाच्या मासिक उत्पन्न योजनेत आहेत. महिन्याला ९२५ रुपये येतात, त्यात माझ्या बीपीच्या गोळ्या भागतात. मी त्याच्याकडे जाते ती नातवंडांना भेटायला, गोळ्यांचे पैसे मागायला नाही. तेव्हा दिले असते तर आज काय झालं असतं, ते मला लख्ख दिसतं. दिराच्या लग्नानंतर दिसलंच होतं की. आईनं मुलाला नाही म्हणणं सोपं असतं का? नसतं. पण मी चुकले नाही. हे तुला सांगतेय की स्वतःला, ते राहू दे.

दादा वाईट मुलगा नाही. पण गाडी त्याची आणि मोडायचं ते तुझं, हे कुठल्या हिशेबात बसतं? त्याच्या नावावर पीएफ आहे ना? मग त्यातून का नाही? विचार त्याला. घरात मुलीचे पैसे म्हणजे सगळ्यांचे आणि मुलाचे पैसे म्हणजे मुलाचे, हे आमच्या पिढीनं चालवून घेतलं. तू घेऊ नकोस.

आणखी एक. पोस्टात आरडी काढ, दर महिन्याला ३०० रुपये भरायची. जास्त नको. हजाराची काढशील आणि तिसऱ्या महिन्यात बंद करशील, मी ओळखते तुला. पाच वर्षं तीनशे भरलेस तर १८,००० चे आजच्या ६.७ टक्क्यांनी २१,४०० च्या वर होतात. फार नाहीत. मला त्या रकमेचं काही नाही. पाच वर्षं एक गोष्ट न मोडता ठेवलीस, हे तुला कळायला हवं. हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड, म्हणजे तुला तीन रुपये. ते भर आणि पुढे चल. बारा हप्ते झाले की जमा रकमेच्या निम्मं कर्ज मिळतं. अडलीस तर कर्ज घे आणि फेड, पण खातं मोडू नकोस. भिशी लाव हवी तर, ती खर्चासाठीच असते. दिवाळीचा बोनस उडवलास तरी मी एक शब्द बोलणार नाही. पतसंस्थेचा पिग्मीवाला दारात आला तर मात्र विचार कर. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो.

दादाला सांग, मावशीनं नको म्हटलं. राग माझ्यावर येऊ दे, मला सवय आहे. रविवारी दुपारी जेवायलाच ये. येताना यूएएन आणि आधार घेऊन ये, आईचंसुद्धा. फॉर्म आपण इथंच भरू.

तुझी,
मावशी