संकटात देवावर विश्वास ठेवून खरंच काही होतं का?

तुम्ही लिहिलंय की नोकरी गेली, घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही, रोज पोथी वाचताय तरी काही हलत नाहीये, मग देव ऐकतो का. मी मालवणकडचा. आमच्याकडे देवाला गुपचूप सांगायची फार सवय नाही, म्हणून त्या अंगाने लिहितो, पटलं तर बघा.

आमच्याकडे अडचण आली की नारळ घेऊन देवळात जायचं आणि गाऱ्हाणं घालायचं. आपण नाही, गुरव किंवा मानकरी घालतो, तेही मोठ्याने सगळ्यांसमोर. "बा देवा महाराजा, ह्या लेकरान तुका नारळ ठेवलेलो आसा, तो मान्य करून घे, त्येच्या कामात जी काय अडचण येता ती दूर कर, वाकड्याचा सरळ कर रे महाराजा." आणि दर वाक्याला जमलेले सगळे म्हणणार, "व्हय महाराजा!" म्हणजे देवाने मनावर घेईपर्यंत अख्ख्या वाडीला कळलेलं असतं की याचं काहीतरी बिनसलंय. मला विचाराल तर अर्धी मदत तिथेच सुरू होते, कारण काल ज्याने व्हय म्हटलंय त्याला आज बाजारात तुम्हाला बघून तोंड फिरवणं जड जातं.

आणि नारळ ठेवला म्हणजे आपण मोकळे असंही कुणी धरत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आलं तेव्हा इशारा आधीच मिळाला होता, किनाऱ्यावरच्या माणसांनी देवाला नारळ ठेवला आणि लगेच जाऊन होड्या वर ओढून माडांना बांधल्या. तरी आमच्या शेजाऱ्याची होडी फुटलीच, घरांचे पत्रे उडाले, लाइट कित्येक दिवस नव्हती. मग नंतरच्या जत्रेत त्याने गाऱ्हाणं घालणाऱ्याला सांगितलं, ह्या पण इचार, होडी फुटली तेवा तू खय होतंस? त्यानेही ते तस्सं विचारलं आणि लोक हसत हसत व्हय महाराजा म्हणाले. नारळ मात्र शेजारी अजूनही ठेवतो. माझ्या मते विश्वास हा असा असतो, देवावर चिडायची पण सोय पाहिजे.

कौल लावायचा, म्हणजे देवाच्या मूर्तीला पाकळ्या चिकटवून कुठल्या बाजूची पडते त्यावरून उत्तर घ्यायचं, तर लावा, उजवी पाकळी पडली की धीर येतो हे खरं, पण नोकरी धरायची की सोडायची हे मी कौलावर ठरवत नाही. आणि पैसे घेऊन फोनवर शांती, तोडगे सांगणारे असतात ना, त्यांच्या नादाला तर अजिबात लागू नका, आधीच हात तंगीत आहे.

पोथी चालू दे. फक्त आज रात्री जेवताना घरात सांगून टाका, आणि जुन्या ऑफिसातल्या चार जणांना सरळ मेसेज करा की काम शोधतोय. कुठल्या लाइनमधले आहात ते इथेच खाली लिहा, गोव्यात वेर्ण्याच्या कंपन्यांमध्ये ओळखीचे दोघं-तिघं आहेत, विचारून बघतो.